ना-नफा होडी

“मालक कोणीच नाही म्हणजे काय?” कांद्याच्या जुड्या बांधता बांधता आब्लाने विचारलं.

“कोणीच नाही म्हणजे कोणीच नाही. ना-नफा संस्था असते ती. तिला मालक नसतो.”

“मग होडी कुणाची?”

“संस्थेची.”

“आणि संस्था कुणाची?”

“कुणाचीच नाही,” सेथ दोत्से म्हणाला आणि समोरची लापशी ढवळायला लागला.

“सेलोमच्या पपा, कुणाचीच नसलेली वस्तू फिआकोपेत एक रात्र बाहेर ठेवून बघा. सकाळी ती कुणाची तरी झालेली असते.”

उत्तर ठाऊक नाही असं कबूल करायची सेथला सवय नव्हती. सारी नोकरी त्याने पोस्टमास्तर म्हणून काढली होती. खिडकीपाशी येणारे लोक त्याला काय वाट्टेल ते विचारायचे. लोमेला पाकीट कधी पोचेल, पाऊस कधी पडेल, माझा जावई मला पत्र का लिहीत नाही. सेथने एकालाही ‘ठाऊक नाही’ असं सांगितलं नव्हतं. ‘अर्थातच’ म्हणून तो सुरुवात करायचा आणि बोलता बोलता काहीतरी सुचायचं. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, सवय तेवढी राहिली.

संस्थेचं खूळ उगीच निघालेलं नव्हतं. खाडीकाठच्या फिआकोपे गावात शाळा नाही. शाळा खाडीपलीकडे. निवृत्तीनंतर सेथने खटपट करून मुलांना नेण्या-आणण्यासाठी एक जुनी होडी चालू केली होती. कोमला नावाचा एक तिरसट पण पक्का होडीवाला ती बांबूने रेटत न्यायचा. चर्चच्या वर्गणीतून त्याला थोडंफार मिळायचं. मागच्या महिन्यात भर खाडीत त्या होडीची फळी उसवली. मुलांनी डब्यातला गारी, म्हणजे कसाव्याचा भरडा, आणि घेवडा पाण्यात ओतून दिला आणि डब्यांनीच पाणी उपसलं. अख्खा गाव काठावर डोक्याला हात लावून उभा होता. मुलं सुखरूप पोचली, पण दुसऱ्या दिवशी निम्म्या आयांनी मुलं घरी ठेवून घेतली.

मग सेथने तेमा बंदरातल्या आपल्या जुन्या स्नेह्याला, कॅप्टन लार्टेला फोन केला. निवृत्त खलाशांचं एक मंडळ होतं, कॅप्टन त्याचा म्होरक्या. त्यांच्याकडे इंजिनाची एक चांगली होडी होती आणि मुलांच्या मापाची नारिंगी तरंगजाकिटंही.

“देतो की,” कॅप्टन म्हणाला. “पण एकट्यादुकट्या माणसाला नाही देता येणार, मित्रा. नोंदणी झालेली ना-नफा संस्था पाहिजे. ईस्टरपर्यंत करा, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.”

“अर्थातच,” सेथ म्हणाला होता.

तर लापशी अर्धी टाकून, टाय लावून, सेथ खच्चून भरलेल्या ट्रोट्रोने, म्हणजे वडापच्या छोट्या बसने, हो नावाच्या शहरात गेला. नोंदणी कचेरीत डेलाली नावाच्या बाई बसल्या होत्या. चेहरा थकलेला, पण बोलणं गोड.

“संस्थेचं नाव काय ठेवणार, पपा?”

“‘सेथ दोत्से स्मृती होडी संस्था’.”

“अरेरे. कधी गेले दोत्से?”

“मीच दोत्से.”

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग स्मृती कशाला? अजून आहात की तुम्ही.”

सेथ जरा हिरमुसला. “बरं, मग ‘पैलतीर’.”

बाईंनी संगणकात पाहिलं. “गेलेलं आहे. शवपेट्या बनवतात.”

“‘सुखरूप पैलतीर’?”

“तेही गेलंय. त्यांची शववाहिनी आहे.”

“‘शांतपणे पलीकडे’?”

“पपा,” बाईंनी हात थांबवले, “तुमची होडी नक्की कुणाला कुठे नेते?”

“मुलांना! शाळेत!”

“मग तसंच लिहा ना.”

‘फिआकोपे शाळा-होडी’ हे नाव मोकळं निघालं. मग बाईंनी बाकीचं सांगायला घेतलं. सेथचा चेहरा इतका जाणता होता आणि मान इतकी वेळच्या वेळी हलत होती, की बाई भराभर सांगत गेल्या. मधूनमधून त्या विचारायच्या, “लक्षात येतंय ना?” आणि सेथ म्हणायचा, “अर्थातच.”

परतीच्या ट्रोट्रोत, एका बाईच्या बोकडाशेजारी बसून, त्याने स्वतःचं टिपण वाचलं. ‘हमी.’ ‘संचालक.’ ‘वाटप नाही.’ ‘बुडाल्यास तत्सम संस्थेला.’ शब्द सगळे ओळखीचे होते, पण एकमेकांच्या ओळखीचे वाटत नव्हते. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘घटना लागेल’. कोणती घटना घडायला लागेल, हे त्याला काही केल्या आठवेना.

शहाण्या माणसाने परत जाऊन विचारलं असतं. सेथने दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली गावाची सभा बोलावली.

सुरुवात झकास झाली. त्याने कोमलाला सगळ्यांदेखत संचालक म्हणून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. कोमलाने आयुष्यात पहिल्यांदा टोपी काढली.

“आता ही संस्था ना-नफा आहे,” सेथ म्हणाला.

मासे धुरवणाऱ्या बायकांतली एक उठली. “नफा नाही, तर मग तोटा कोण सोसणार?”

“अर्थातच, सगळे मिळून.”

बाईने शेजारणीकडे पाहिलं आणि दोघी जरा मागे सरकून बसल्या.

“आणि प्रत्येक सभासदाने हमी द्यायची.”

चर्चचे प्रवचनकार अग्बेन्येगा पुढच्या रांगेत बसले होते. मेव्हण्याला एकदा हमी राहून ते शिवणयंत्र गमावून बसले होते. ‘हमी’ हा शब्द कानी पडताच ते उठले, आपली खुर्ची घडी करून बगलेत मारली आणि घराकडे चालू लागले.

“हमी कशाची?” सेथ त्यांच्या पाठीकडे बघत बोलत राहिला. “तर संस्था बुडाल्यास...”

“कोण बुडवणार?” कोमला उभा राहिला होता.

“कोणी नाही. कायदा म्हणतो, बुडाल्यास.”

“माझ्या हातून आजवर एक कोंबडीसुद्धा बुडालेली नाही, सेथदादा. फळी उसवली तेव्हासुद्धा नाही. होडी अजून आली नाही आणि तुम्ही बुडण्याचं बोलताय?”

“मी नाही बोलत रे, कायदा बोलतो!”

“कायद्याला पोहता येतं का?”

लोक हसले. सेथ घामाघूम झाला. लवकर पुढे सरकावं म्हणून तो पुढचं वाक्य बोलून गेला. “बुडाल्यावर जे उरेल ते तत्सम संस्थेला जातं.”

“तत्सम म्हणजे?” मागून कुणीतरी विचारलं.

इथे ‘ठाऊक नाही’ एवढं म्हटलं असतं तरी गोष्ट इथेच संपली असती. सेथने विचार केला, तत्सम म्हणजे आपल्यासारखी. आपल्यासारखं कोण? खाडीकाठीच राहणारं, शाळा नसलेलं, जुन्या होड्यांवर जगणारं.

“उदाहरणार्थ, आव्हेमे.”

आव्हेमे म्हणजे शेजारचं गाव. मासेमारीच्या हद्दीवरून, फुटबॉलवरून आणि उसना नेऊन परत न दिलेल्या एका ढोलावरून दोन्ही गावांत वाकडं होतं.

“म्हणजे आम्ही बुडायचं,” कोमला सावकाश म्हणाला, “आणि होडी आव्हेमेला?”

“कायद्यानं, अर्थातच, पण...”

“आणि मला पगार काय?”

“संचालकाला पगार नसतो, कोमला. मान असतो.”

कोमलाने टोपी घातली. होडीचा बांबू आणून सेथच्या पायाशी ठेवला. “मग उद्या हा मान तुम्हीच रोवा चिखलात.”

तासाभरात गावभर झालं, की पोस्टमास्तरने होडी आव्हेमेला विकली. आब्लाच्या कानावर ते कांद्याच्या वाफ्यात गेलं. तिने संध्याकाळी नवऱ्याला जेवायला वाढलं आणि एवढंच विचारलं, “उद्या मुलांना कोण नेणार?”

“मी,” सेथ म्हणाला.

सकाळी धीट आयांनी पाठवलेली थोडी मुलं काठावर आली. सेथने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, टाय तसाच ठेवला, आणि बांबू रोवला. होडी निघाली. थोडी पुढे गेल्यावर ती डावीकडे वळली. आणखी थोडी वळली. मग मुलांना समोर आपलंच गाव दिसायला लागलं.

“तात्पुरतं आहे,” सेथ म्हणाला.

दुसऱ्या गिरकीनंतर बांबू चिखलात जो रुतला, तो तिथेच राहिला आणि होडी सेथला घेऊन पुढे गेली. मग मधल्या उथळ्यावर जाऊन ती टेकली. ठिगळ लावलेली फळी कुरकुरली आणि पाणी आत यायला लागलं. मुलांनी, काही न सांगता, डबे उघडले. बुडण्याइतकं खोल पाणी तिथे नव्हतं, पण चिखल कमरेइतका होता, आणि मुलांना चिखलात उतरवायची सेथची छाती होईना.

तेवढ्यात आव्हेमेच्या बाजूने एक मोठी रंगवलेली होडी आली. तिच्यात मधोमध आव्हेमेचे वयोवृद्ध प्रमुख तोग्बुई क्पोदो बसले होते. अंगावर समारंभाचं भारी कापड, मांडीवर मानाच्या भेटीची दारूची चौकोनी बाटली, आजूबाजूला चार पंच.

“पोस्टमास्तर दोत्से ना?” तोग्बुई म्हणाले. “आम्ही तुमच्याकडेच निघालो होतो.”

“या, या,” सेथ घोट्याइतक्या पाण्यात उभा राहून म्हणाला.

रीतसर विचारपूस झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, हे दोन्ही गावांना ठाऊक. तोग्बुईंनी सुरुवात केली. “घरची मंडळी कशी आहेत?”

“बरी आहेत.”

“मुलं?”

“बरी आहेत,” सेथने डब्यांनी पाणी उपसणाऱ्या मुलांकडे पाहिलं.

“शेजारीपाजारी? कांद्याचे वाफे? पाणी कसं आहे विहिरीला?”

“भरपूर आहे, तोग्बुई. पाणी भरपूर आहे.”

पाणी तोवर पोटरीला लागलं होतं. तोग्बुईंनी बाटली उंच धरली. “काल संध्याकाळीच आम्हाला कळलं. तुम्ही बुडाल्यावर तुमची नवी होडी आव्हेमेला द्यायचं ठरवलंत म्हणे. इतकी वर्षं आपलं बोलणं नाही, आणि तुमचं मन एवढं मोठं! आमचे पंच रडले.”

पंचांनी माना डोलावल्या.

“घाई आम्हाला मुळीच नाही,” तोग्बुई अदबीने पुढे म्हणाले. “सावकाश बुडा. पण साधारण कधी, ते कळलं असतं, तर आम्ही धक्का बांधायला घेतला असता.” मग त्यांची नजर सेथच्या पायांकडे गेली आणि आवाज हळवा झाला. “की आजच...?”

सेथने तोंड उघडलं. ‘अर्थातच’ अगदी ओठांवर आलं होतं. पण एका मुलीने त्याच्या पायावरचं पाणी डब्याने उपसून बाहेर टाकलं आणि त्याच्याकडे वर पाहिलं. तो शब्द कुठे गेला कोण जाणे.

“तोग्बुई,” तो म्हणाला, “मला ठाऊक नाही. मला त्यातलं काहीसुद्धा कळलेलं नाही. बाई सांगत होत्या आणि मी मान हलवत होतो.”

तोग्बुईंनी बाटली खाली ठेवली. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मग म्हातारा असा खदखदून हसला, की त्याची होडी हलली. “अरे, मग विचारायचं की परत! आधी पोरं इकडे द्या. आमचीही चालली आहेत शाळेत, खाडीला वळसा घालून, पायी. ही होडी फक्त समारंभाची, पोरांसाठी तर आमच्याकडे बुडायलासुद्धा होडी नाही.”

मुलं आव्हेमेच्या होडीतून शाळेत गेली. सेथ आपल्या होडीसकट आव्हेमेच्याच दोरीला बांधून काठावर आला. काठावर आब्ला उभी होती. घरी आल्यावर ती म्हणाली, “हो शहरात जाऊन सगळ्याला हो म्हणून आलात. उद्या मी येते.”

दुसऱ्या दिवशी डेलालीबाईंच्या टेबलापुढे सेथ, आब्ला, तोग्बुई क्पोदो आणि, पुन्हा कुठे आपल्याला बुडवतात की काय हे बघायला, कोमला, असे चौघे बसले. बाईंनी पहिलं वाक्य बोलताच आब्ला म्हणाली, “कळलं नाही, बाई. परत सांगा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “खरंच? नाही कळलं?” त्या चक्क खूश झाल्या. “इथे येणाऱ्या सगळ्यांना सगळं कळतं हो. मग महिन्याभराने भांडत येतात.”

आणि त्यांनी सावकाश सांगितलं. बुडणं म्हणजे संस्था बंद पडणं. होडीशी त्याचा काही संबंध नाही. तसं झालं आणि देणं राहिलं, तर सभासदाने आधी लिहून दिलेली रक्कम भरायची, ती कांद्याच्या एका टोपलीएवढी लिहिली तरी चालते. तीच हमी. नफा व्हायला बंदी नाही, तो आपसात वाटून घ्यायला आहे. शिल्लक राहिलं तर होडीची डागडुजी करायची. घटना म्हणजे संस्थेचे नियम.

“म्हणजे काही घडायला नको?” सेथने विचारलं.

“काहीही नको, पपा.”

“आणि माझा पगार?” कोमला म्हणाला.

“होडी चालवण्याचा पगार घेता येतो. पण तुम्ही नोकर म्हणून राहा, संचालक नको. स्वतःचा पगार स्वतःच ठरवला की देणगीदार नाक मुरडतात.”

“मान गेला तरी चालेल,” कोमला म्हणाला. “त्याने घरात मीठ येत नाही.”

एकाच खाडीच्या दोन गावांनी दोन होड्यांची वाट बघण्यात काय अर्थ, असं आब्लाने विचारलं तेव्हा तोग्बुईंनी मान डोलावली. मग म्हणाले, “ढोल आणून देतो.” संस्थेचं नाव झालं ‘खाडी शाळा-होडी’. संचालक दोन, आब्ला आणि तोग्बुई.

“यांच्यात अध्यक्ष कोण?” बाईंनी विचारलं.

सेथने टाय सारखा केला, तेवढ्यात त्याला आठवलं की संचालकांत आपलं नाव नाही. तोग्बुईंनी आब्लाकडे बोट दाखवलं. “प्रश्न विचारणं त्यांना जमतं.”

“आणि चिटणीस? कागदपत्रं नीट सांभाळणारं कोणीतरी हवं. संचालक सांगतील तसं काम करायचं.”

चौघांपैकी तिघे सेथकडे बघू लागले. गावातल्या पुढच्या सभेत अग्बेन्येगांनाही टोपलीचा हिशेब पटला आणि ते खुर्चीसकट परत आले. हिशेब तपासायला चर्चच्या ओळखीचे एक जाणकार सापडले. कागद व्हायला वेळ लागला, पण ते झाले, आणि ईस्टरच्या आधी झाले.

होडी ट्रकवरून आली, तेव्हा दोन्ही गावं काठावर होती. परत आलेला ढोल वाजत होता. कॅप्टन लार्टे पांढऱ्या गणवेशात उतरला, भाषण केलं, थोडा रडला. मग चिटणीस सेथ दोत्से पावतीपुस्तक घेऊन पुढे झाला.

“देणाऱ्या संस्थेचा नोंदणी क्रमांक सांगा, कॅप्टन.”

“कसला क्रमांक?”

“खलाशी मंडळाचा. अध्यक्षांनी सांगितलंय, पावतीवर लिहायचा.”

कॅप्टनने टोपी काढून तिच्या आत पाहिलं. “आम्ही... म्हणजे बघ, आम्ही दर शनिवारी बंदरामागे बदामाखाली बसतो. मासे भाजतो. वर्गणी काढतो.”

“नोंदणी?”

“देणगी नोंदलेल्या संस्थेलाच द्यावी, असं मला एकाने सांगितलं होतं, सेथ. घेणाऱ्याचं सांगितलं होतं रे. देणाऱ्याबद्दल तो काही बोलला नाही.”

ढोल थांबला. सेथच्या डोक्यात सगळं पुन्हा गरगरायला लागलं. मंडळाला नोंदणी नाही, म्हणजे होडी मंडळाची नाही. मंडळाची नाही तर ती ते देऊ शकत नाहीत. मग या घटकेला, दोन गावांच्या डोळ्यांदेखत, ही होडी आहे तरी कुणाची? त्याने वळून आब्लाकडे पाहिलं. “अध्यक्षबाई, मला कळत नाहीये.”

आब्लाने होडीभोवती एक फेरी मारली. नारिंगी जाकिटं घालून मुलं केव्हाची ओळीत उभी होती.

“कागद होईपर्यंत ती आपली पाहुणी,” ती म्हणाली. “आणि आमच्याकडे पाहुण्याला काम सांगायची पद्धत आहे. कोमला, कर चालू.”

कोमलाने हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला. इंजिन धडधडलं आणि होडी सरळ, एकदाही न वळता, पलीकडे गेली.

पुढच्या सोमवारी सेथ कॅप्टनला घेऊन हो शहरात गेला. डेलालीबाईंनी दोघांना बसवलं आणि कॅप्टनला विचारलं, “सभासद कोण कोण आहेत तुमचे? त्यांच्या सह्या लागतील.”

“म्हणून तर सगळ्यांना आणलंय,” कॅप्टन म्हणाला.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात एक बस उभी होती आणि तिच्यातून पांढऱ्या टोप्यांचे म्हातारे खलाशी एकमेकांचा हात धरून उतरत होते. उतरतच होते. एकाने झाडाखाली शेगडी मांडलीसुद्धा होती. बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि सेथकडे वळल्या.

“पपा, जरा टेबलाच्या या बाजूला येता का? मला एकटीला हे जमायचं नाही.”

सेथ उठला. टेबलाला वळसा घालून बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसला. खलाशी आत आले, खोलीत मावले तेवढे मावले, बाकीचे खिडकीत आणि दारात उभे राहिले. कितीतरी वर्षांनी त्याच्यासमोर पुन्हा रांग होती.

“ज्याला कळणार नाही,” तो म्हणाला, “त्याने लाज न बाळगता हात वर करायचा.”

अजून त्याने पहिला नियम सांगायला तोंडही उघडलं नव्हतं, तोच खोलीतले, दारातले आणि खिडकीतले सगळे हात वर झाले.